एक्झिमा (इसब) : औषधांच्या जोडीला घरची रोजची काळजी कशी घ्यावी?

गोदाकाठ

नमस्कार. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्या कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर कोरडे, लालसर चट्टे येतात, त्यांना प्रचंड खाज सुटते आणि ओरबाडल्यावर लस येऊन खपली धरते. त्वचारोगतज्ज्ञांनी अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस, म्हणजे लहानपणी सुरू होणारा एक्झिमा, असे निदान केले असून लावायला मलम आणि मॉइश्चरायझर दिले आहे. औषधाबद्दल माझी शंका नाही. प्रश्न आहे तो दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या उरलेल्या दिवसाचा.

घरात प्रत्येकाचे मत निराळे आहे. सासूबाई म्हणतात की साबण बंद करून डाळीचे पीठ लावावे, माझी आई खोबरेल तेलावर ठाम आहे, शेजारच्या काकूंनी दूध, अंडे आणि वांगे तिन्ही बंद करायला सांगितले आहे, आणि दीर म्हणतात की आंघोळच एक दिवसाआड घाला. त्यात आता नाशिकची थंडी तोंडावर आली आहे आणि निफाडकडचा कोरडा गारठा तिच्या त्वचेला अजिबात सोसत नाही. ज्यांनी हे वर्षानुवर्षे सांभाळले आहे त्यांनी आंघोळ, तेल किंवा क्रीम, कपडे, पथ्य आणि रात्रीची खाज यांबद्दल सविस्तर लिहावे, ही विनंती. कोणी औषधांची नावे सुचवू नयेत, ते डॉक्टरांवर सोडू या.

मृगसरी

गोदाकाठ, माझा मुलगा आता आठवीत आहे आणि त्याला हा त्रास तान्हेपणापासून आहे, म्हणून आंघोळीपासून सुरुवात करते.

आंघोळ रोज घालायला हरकत नाही. घाम, धूळ आणि जुने मलम निघून जाणे गरजेचेच असते. मात्र पाणी कोमट हवे, आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपली पाहिजे, आणि घासणी, वजरी, खरखरीत पंचा यांना पूर्ण रजा द्यावी. कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती शमल्यासारखी वाटते आणि तासाभरात दुपटीने उसळते. साबणाऐवजी आम्ही साबणविरहित, सौम्य बार वापरतो आणि तोही फक्त काखा, जांघा, पाय आणि मळलेल्या जागी. हातापायांना नुसते पाणी पुरते.

सगळ्यात महत्त्वाचा भाग आंघोळीनंतरचा आहे. मुलाला न्हाणीघरातून बाहेर आणून मग क्रीम शोधत बसलो तर तोवर त्वचा कोरडी पडते. म्हणून क्रीमचा डबा झाकण उघडून आधीच पाटाशेजारी ठेवायचा, मऊ सुती पंच्याने अंग टिपून घ्यायचे, घासायचे नाही, आणि अंग किंचित ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम लावायचे. हातावर, पायावर आधी क्रीमचे ठिपके देऊन मग लव ज्या दिशेने असते त्या दिशेने, वरून खाली हात फिरवायचा. चोळून चोळून जिरवण्याची गरज नाही. थोडा चकचकीत थर राहिला तर राहू द्यावा, तो काही वेळाने मुरतो.

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. मृगसरी यांनी लिहिलेली पद्धत योग्य आहे. तिच्यामागचे कारण कळले की पालक ती सोडत नाहीत, म्हणून थोडे लिहिते.

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले सिरॅमाइडसारखे स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. एक्झिमा असलेल्या अनेकांमध्ये हा थर जन्मतःच कच्चा असतो. २००६ साली असे दिसून आले की फिलाग्रिन नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल तर या आजाराची शक्यता बरीच वाढते. थर कच्चा असल्यामुळे आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे साबण, धूळ, जंतू आत शिरून दाह निर्माण करतात. दाहामुळे खाज, खाजवल्यामुळे थर आणखी फाटतो, आणि त्यामुळे पुन्हा दाह होतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण पाचच्या आसपास असतो. नेहमीच्या साबणाचा सामू नऊ ते दहा असतो, त्यामुळे हा थर आणखी दुबळा होतो. डाळीच्या पिठाबद्दल सांगायचे तर ते साबणाइतके उग्र नसले तरी त्याचा रवाळपणा आणि वाळल्यावर ताणून कोरडे करण्याचा गुण या मुलांना त्रासदायक ठरतो. चिरलेल्या त्वचेवर धान्याची पिठे चोळू नयेत. त्यांतल्या प्रथिनांची त्वचेवाटे अ‍ॅलर्जी जडण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. लहान मुलाच्या सर्वांगाला दिवसातून दोनदा पुरेसे मॉइश्चरायझर लावायचे तर आठवड्याला साधारण पाव किलो लागते आणि मोठ्या माणसाला अर्धा किलोपर्यंत. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते असे कोणी सांगितले की मला लगेच कळते की क्रीम फक्त चट्ट्यांवर लागते आहे. ते चट्टे नसलेल्या कोरड्या त्वचेवरही, बरे वाटत असतानाही, रोज लागले पाहिजे.

कातळशिल्प

आठवड्याला पाव किलो हे प्रमाण शास्त्राला धरून असेल, परंतु दुकानात मिळणाऱ्या चांगल्या क्रीमच्या किमती पाहता तीन माणसांच्या बेताच्या पगारातल्या घराला ते झेपणारे नाही. आम्ही साध्या, वास नसलेल्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीवर सगळे निभावले आहे. ती चिकट असते हे खरे, पण ओल्या अंगावर अगदी पातळ थर दिला तर फार जाणवत नाही. खोबरेल तेलाला तुम्ही सरसकट नाही म्हणणार का, हेही विचारायचे आहे, कारण कोकणात ते घरचे असते.

त्वचावैद्य

कातळशिल्प, पेट्रोलियम जेली उत्तम आहे. पाणी अडवून धरण्यात ती महागड्या क्रीमलाही मागे टाकते. २०२२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट या चारही प्रकारांची तुलना केली होती, आणि परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे मूल जे लावून घेईल आणि घराला जे परवडेल तेच योग्य.

खोबरेल तेलाला माझा विरोध नाही. फिलिपाइन्समधील मुलांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम एक्झिमासाठी व्हर्जिन खोबरेल तेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरले होते. मात्र तेल शुद्ध आणि सुगंधविरहित हवे. कापूर, मेंदी, जास्वंद घालून उकळलेले केसांचे तेल अंगाला लावू नये. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल या मुलांसाठी टाळावे, कारण त्यांतील काही आम्ले त्वचेचा बाहेरचा थर विस्कटतात.

सुरंगी

मी सावंतवाडीजवळ राहते आणि आमचा प्रश्न नेमका उलटा आहे. आमच्याकडे कोरडेपणापेक्षा घाम जास्त छळतो. एप्रिल-मे मध्ये जाड मलम लावले की मुलाच्या अंगावर बारीक पुळ्या उठतात. म्हणून आम्ही उन्हाळ्यात पातळ लोशन आणि पावसाळा संपल्यावर जाड क्रीम असे ऋतूप्रमाणे बदलतो. खेळून आल्यावर घाम अंगावर वाळू न देता साध्या पाण्याने अंग धुऊन, टिपून पुन्हा लोशन लावतो. कपडे सैल, सुती आणि शक्यतो आतल्या बाजूची चिठ्ठी कापून टाकलेले असतात. मानेला टोचणारी ती एवढीशी चिठ्ठी किती त्रास देते, हे ज्याच्या मुलाची मान सोलवटली आहे त्यालाच कळते.

कृष्णामाई

सर्वांचे अनुभव चांगले आहेत, पण एका बाबतीत मला स्पष्टपणे असहमती नोंदवायची आहे. डॉक्टरांनी दिलेले मलम बहुधा स्टेरॉइडचे असणार. आमच्या नात्यातल्या एका मुलीने तसे मलम चेहऱ्याला वर्षभर लावले, तर त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसू लागल्या आणि मलम थांबवताच चेहरा भाजल्यासारखा होऊ लागला. त्यामुळे स्टेरॉइडला हातच लावू नये आणि केवळ आहार, तेल आणि संयम यांवर भर द्यावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

त्वचावैद्य

कृष्णामाई, तुम्ही जे पाहिले ते खरे आहे आणि असे रुग्ण आम्हाला वारंवार भेटतात. परंतु त्यांतल्या बहुतेकांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी नसते. औषधाच्या दुकानातून 'खाजेचे मलम' म्हणून घेतलेली, तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र केलेली ती ट्यूब असते. तीच गजकर्णावर लावली की खाज थांबते आणि बुरशी आत आत पसरत जाते. आपल्या देशात या गैरवापराचे प्रमाण इतके मोठे आहे की त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला त्याविरुद्ध वेगळा कृती गट उभारावा लागला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलून अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती मिळतात, ही दुर्दैवाची गोष्ट आहे.

याचा अर्थ योग्य तीव्रतेचे मलम, योग्य जागी, ठरलेल्या मुदतीपुरते वापरणे धोक्याचे आहे असा होत नाही. भीतीने चिमूटभर लावले जाते, दाह पूर्ण शमत नाही, आणि मग तेच मलम महिनोन्महिने रेंगाळते. माप सोपे आहे. ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेऱ्याएवढी रेघ काढली की ते सुमारे अर्धा ग्रॅम होते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. चेहरा, पापण्या, काखा आणि जांघा येथील त्वचा पातळ असल्यामुळे तेथे वेगळे आणि सौम्य औषध लागते. दीर्घकाळ लागणार असेल तर स्टेरॉइड नसलेली मलमेही असतात. त्याच जागी पुन्हा पुन्हा उठत असेल तर आठवड्यातून दोन दिवस त्या जागांना औषध लावत राहण्याची पद्धतही आहे, पण ती डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.

कृष्णामाई

हा फरक मला कोणी इतक्या नीट सांगितला नव्हता. चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबबद्दलचा माझा विरोध कायम आहे आणि तो आपल्या दोघींचा सारखाच आहे असे दिसते.

थेम्सकाठी

मी लंडनजवळ राहते. इथे पाणी अतिशय जड, म्हणजे क्षारयुक्त, आहे आणि हिवाळाभर घर तापवलेले असल्यामुळे हवा ठणठणीत कोरडी असते. जड पाण्याच्या भागात हा त्रास अधिक आढळतो, म्हणून पाणी मृदू करणारे महागडे यंत्र बसवावे असे अनेकांना वाटते. परंतु ज्यांना आधीच एक्झिमा आहे अशा मुलांच्या घरी ते बसवून इथे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, आणि त्यात फायदा दिसला नाही. आंघोळीच्या पाण्यात ओतायच्या तेलांचीही तीच गत झाली. २०१८ च्या चाचणीत त्यांचा विशेष उपयोग आढळला नाही. भारतात बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या मंडळींनी हे पैसे वाचवून साध्या क्रीमवर खर्च करावेत, असे मला मनापासून वाटते.

एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे. मलमे आणि क्रीम कपड्यांत, चादरीत मुरून वाळली की ते कापड फार चटकन पेट घेते आणि धुऊनही तो अंश पूर्ण जात नाही. इथल्या औषध नियामकांनी याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. आपल्याकडे घरात निरांजन, समई, गॅस असतो आणि दिवाळीत मुले फुलबाज्या धरतात. क्रीम लावलेल्या मुलाला आगीजवळ नेताना कृपया जपा.

अंजनवेल

पथ्याबद्दल कोणीच लिहिले नाही. आमच्या घरी वांगे, लोणचे, आंबट ताक सगळे बंद करून पाहिले आहे. वांगे बंद केल्यावर थोडा फरक वाटला, पण त्याच सुमारास ऋतूही बदलला होता, त्यामुळे खात्रीने काही म्हणता येत नाही. टोमॅटो आणि संत्रे खाल्ल्यावर मात्र तोंडाभोवती लाल होते, हे निश्चित.

त्वचावैद्य

तोंडाभोवती लाल होणे बहुतेक वेळा आंबट रस त्वचेला लागल्यामुळे होते. जेवणाआधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा थर दिला तर ते टळते.

पथ्याबाबत माझी कळकळीची विनंती आहे. अन्नामुळे एक्झिमा खरोखरच वाढतो अशी मुले असतात, मुख्यतः एक-दोन वर्षांच्या आतली आणि तीव्र त्रास असलेली. अशा मुलांना दूध, अंडे किंवा शेंगदाणा खाल्ल्यावर दोन तासांच्या आत गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. असे दिसले तर तपासणी अवश्य करावी. पण तशी लक्षणे नसताना साडेचार वर्षांच्या मुलीचे दूध आणि अंडे एकदम बंद केले तर तिची वाढ खुंटू शकते आणि आजार होता तिथेच राहतो. शिवाय संवेदनशील मुलाने सवयीचा पदार्थ बराच काळ सोडून पुन्हा खाल्ला तर खरी अ‍ॅलर्जी उद्भवल्याची उदाहरणे आहेत. शेंगदाण्यावरील २०१५ च्या प्रसिद्ध चाचणीत तर एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्यांना तो लवकर खायला दिल्याने पुढची शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी खूपच कमी झाली.

पाणवठा

आमच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे आहे की अंगावरचे इसब औषधाने दाबले की ते छातीत उतरते आणि दमा होतो. याला काही आधार आहे का?

त्वचावैद्य

एक्झिमा असलेल्या काही मुलांना पुढे दमा किंवा नाकाची अ‍ॅलर्जी होते, कारण तिन्हींची मूळ प्रवृत्ती एकच असते. त्वचेवर औषध लावले म्हणून दमा होत नाही. क्रम डोळ्यांना दिसला आणि त्याचे कारण चुकीचे जोडले गेले.

मृगसरी

रात्रीच्या खाजेबद्दल लिहायचे राहिले होते. संध्याकाळी मूल थकते, पांघरुणात अंग तापते आणि मन गुंतवायला काही नसते, तेव्हा खाज सर्वाधिक जाणवते. आम्ही लोकरीची आणि मखमली पांघरुणे काढून जुन्या सुती लुगड्यांची गोधडी वापरतो. झोपण्याआधी पुन्हा एकदा सर्वांगाला क्रीम लावतो. नखे आठवड्यातून दोनदा कापून कानशीने गुळगुळीत करतो. फार पेटलेल्या रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आणि क्रीम लावून त्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला सुती सदरा आणि वरून कोरडा सदरा घालतो. याने खाज लवकर निवते, पण त्वचेत जंतुसंसर्ग झालेला असेल तेव्हा हे करायचे नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. "खाजवू नकोस" हे वाक्य आम्ही घरातून काढून टाकले आहे. मुलाला ते थांबवता येत नाही आणि आपण रागावलो की तो लपून खाजवतो. त्याऐवजी थंड ओली घडी हातात द्यायची, खाजेच्या जागेवर तळव्याने दाबून धरायला शिकवायचे, किंवा सरळ त्याच्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवायचा. रात्री तीन वाजता हे करताना आईवडिलांचाही कस लागतो, म्हणून शक्य असेल त्या घरांत दोघांनी आळीपाळीने जागावे. शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवावे की हा संसर्गजन्य आजार नाही, म्हणजे मुलाला वेगळ्या बाकावर बसवले जात नाही.

भीमाशंकरी

थोडे विषयांतर होईल, पण मोठ्या माणसांबद्दलही लिहिले पाहिजे. माझ्या पत्नीला डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांना भेगा पडत, रक्त येई. ती खानावळ चालवते. तपासणीनंतर कळले की लसूण सोलताना पाकळी ज्या तीन बोटांत धरली जाते तिथेच हा त्रास होतो. आता लसूण दुसरे कोणीतरी सोलते, भांडी घासताना ती आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालते, अंगठी काढून ठेवते कारण तिच्याखाली साबण साचतो, आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यावर जेली लावते. भेगा भरून आल्या आहेत.

आमच्या वडिलांचा त्रास निराळा होता. शेतात गेले की चेहरा, मान आणि हातांची उघडी त्वचा सुजून जाड होई. कारण निघाले गाजर गवत. ते तण आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्याचे बारीक कण वाऱ्याने उडून अंगावर बसतात. त्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडावर उपरणे, शेतातून येताच आंघोळ, आणि शेताचे कपडे घरात वाळत न घालणे, एवढ्याने निम्मा आराम पडला.

त्वचावैद्य

हे विषयांतर नाही. टिकलीच्या गोंदाने कपाळावर, खोट्या दागिन्यांतल्या निकेलने कानांवर आणि गळ्यावर, केसांच्या कलपाने टाळूवर असाच एक्झिमा होतो. तेथे कारण सापडून ते टाळणे हाच मुख्य उपचार असतो.

घरी थांबू नये अशी लक्षणेही लिहून ठेवते. चट्ट्यांवर पिवळट मधाच्या रंगाच्या खपल्या, पू किंवा ताप आला तर दाखवावे. एकसारखे दिसणारे छोटे फोड किंवा टोकरल्यासारख्या खोल जखमा अचानक पसरल्या, दुखू लागल्या आणि ताप आला तर तो नागिणीच्या जातीतल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरातल्या दोघातिघांना एकदम रात्री खाज सुटू लागली तर ती खरूज असण्याची शक्यता अधिक. तिचा उपचार सगळ्या घराने एकाच वेळी करावा लागतो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. मी हे सगळे सासूबाईंना वाचून दाखवले. दूध आणि अंडे पुन्हा सुरू केले आहे आणि डाळीचे पीठ त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवले. त्यांची एकच इच्छा आहे की दिवाळीचे अभ्यंगस्नान नातीला घडावे. उटणे चालेल का?

मृगसरी

उटण्यात कचोरा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल असे बरेच काही असते आणि ते खरखरीतही असते, म्हणून आम्ही मुलाला ते लावत नाही. शुद्ध खोबरेल कोमट करून, न रगडता हलक्या हाताने लावतो, आजी कपाळाला उटण्याचे बोट टेकवून ओवाळते, आणि मग नेहमीची पाच मिनिटांची आंघोळ. नवा फ्रॉक मात्र आधी एकदा धुऊन ठेवा, कारण कोऱ्या कापडातली खळ टोचते.

वैनगंगा

हा धागा वाचून मी प्रथमच लिहितो आहे. मला लहानपणी हा त्रास होता, बाराव्या वर्षाच्या सुमारास तो गेला, आणि बांधकामावर मिस्त्री म्हणून काम सुरू केल्यावर हातांवर परत आला. हे कायमचे बरे होणार की नाही, हे मला कोणी सांगेल का?

त्वचावैद्य

वैनगंगा, बऱ्याच मुलांचा त्रास वयात येईपर्यंत कमी होतो, पण त्वचेचा नाजूकपणा राहतो आणि पाणी, साबण, सिमेंट, केसांची रसायने यांच्याशी रोजचा संबंध येणाऱ्या कामांत तो हातांवर पुन्हा दिसतो. सिमेंटमधील क्रोमियमची वेगळी अ‍ॅलर्जीही असू शकते, म्हणून पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून अ‍ॅलर्जी ओळखण्याची तपासणी, करून घ्या. ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात अनेक ठिकाणी होते. तोवर ओल्या सिमेंटला उघडा हात लावू नका. हातमोजे आतून ओले झाले तर लगेच बदला, कारण ओला हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट. काम संपल्यावर हात धुण्यासाठी रॉकेल किंवा कपडे धुण्याची पावडर वापरू नका. तपासणीला जाताना रोज वापरता ते हातमोजे, साबण आणि लावता ती सगळी मलमे बरोबर घेऊन जा.